क्लासची नको, कागदांची घाई कर

अगं, काकूचा रात्री फोन आला होता. क्लासवाल्यांच्या 'स्कॉलरशिप टेस्ट'मध्ये तुला 90 टक्के सूट मिळाली म्हणून घरात पेढे वाटले म्हणे. पेढे खा, पण तुझी चुलत ताई म्हणून एक गोष्ट कानात सांगते, काकांना लगेच सांगत बसू नकोस. त्या टेस्टमधून सहसा कुणी रिकाम्या हाताने परतत नाही. कुणाला 90, कुणाला 70, जेमतेम पेपर लिहिणाऱ्यालाही थोडीफार सूट मिळतेच. मूळ फीचा आकडा मुळातच चढा छापलेला असतो, सूट वजा जाता जे उरतं ते बहुतेक वेळा त्यांना हवंच असतं. तू हुशार आहेस, त्यात वादच नाही. फक्त त्याचा दाखला विकणाऱ्याकडून घ्यायचा नाही.

आणि आणखी एक. जानेवारी 2024 मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. 16 वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नका, दहावीची परीक्षा झाल्यावरच घ्या, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. तरी 'फाउंडेशन' नावाच्या बॅचा आठवीपासून सर्रास चालतात, हे आपल्या बार्शीतही तुला दिसतंच. सरकारी कागद आणि चौकातला फ्लेक्स यांची गाठ कधी पडते का?

मग नववीत काहीच करायचं नाही का, असं तू विचारशील. करायचं. पण मी एक कसोटी लावते बघ. जी गोष्ट नंतर पैसे ओतूनही होत नाही, तेवढीच आत्ता करायची. क्लास अकरावीतही लागतो. टेस्ट सिरीज बारावीतही मिळते. उरलेल्या काही गोष्टींचं मात्र तसं नाही, आणि नेमकं त्यांच्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. दर जूनमध्ये नात्यातली निम्मी मंडळी मला कॅप राउंडचा, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीचा, ऑप्शन फॉर्म भरायला फोन करतात ना, तेव्हा रडारड कशावरून होते ते मी ऐकते. मार्कांवरून होते त्यापेक्षा जास्त कागदांवरून होते.

आधी न्यू जर्सीच्या आत्याचं बघू, कारण तिने तुला भलंमोठं व्हॉट्सअॅप पाठवलंय आणि तू घाबरली आहेस. ती म्हणते नववीपासून 'प्रोफाइल' बनवायला लागतं, क्लब हवेत, स्वयंसेवा हवी, निबंध हवेत. ती खोटं बोलत नाहीये. तिकडे हायस्कूल नववीपासून मोजतात, चारही वर्षांचे गुण कॉलेजकडे जातात, शिक्षकांची पत्रं जातात, तू शाळेबाहेर काय करतेस तेही बघतात. आतेभावाला ते सगळं नववीतच सुरू करावं लागलं. इथली मुलगी तिकडच्या कॉलेजला अर्ज करते तेव्हाही नववी ते बारावीच्या गुणपत्रिका मागतात. म्हणून पुढेमागे तिकडे जावंसं वाटलं तर दरवर्षीची गुणपत्रिका जपून ठेव, बस. त्यासाठी आजपासून खोटा खोटा क्लब काढू नकोस.

आपल्याकडची गंमत उलटी आहे. जेईई, नीट, एमएचटी-सीईटी यांतल्या एकाही परीक्षेला तुझे नववीचे गुण ठाऊक नसतात. दहावीचेसुद्धा नाही. दहावीच्या गुणांवर अकरावीचं कॉलेज मिळतं, आणि 2025 पासून ती ऑनलाइन प्रक्रिया सगळ्या राज्यात लागू झाली, आपली बार्शीही त्यात आली. तेवढं झालं की दहावीच्या गुणांचं काम जवळजवळ संपलं. बारावीचे गुण लागतात ते पात्रतेपुरते. आयआयटी-एनआयटीला बारावीत 75 टक्के किंवा बोर्डातल्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असणं, मेडिकलला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीत मिळून 50 टक्के, राज्यातल्या इंजिनिअरिंगला पीसीएममध्ये 45. राखीव गटांना यात सवलत आहे. बाकी सगळा खेळ एका पेपरचा. नीटला 180 प्रश्न, 720 गुण, चुकलं की एक वजा. सीईटीला वजा काही नाही, पण गणिताच्या एकेका प्रश्नाला 2 गुण आणि फिजिक्स-केमिस्ट्रीच्या प्रश्नाला 1, म्हणजे निम्मा पेपर गणिताचाच. हे ऐकून तुझ्या डोक्यातली एक वेडी भीती जायला हवी: सहामाहीत भूमितीत 26 पडले म्हणून तुझं कॉलेज हुकलेलं नाही.

भूमितीत 26 का पडले, ते मात्र बघावं लागेल. गुण कुणी विचारणार नाही, त्यामागचं जे समजलं नाही ते पुढे येऊन विचारतं. नववीचं पुस्तक घे. त्रिकोणमितीची ओळख तिथे झाली की नाही? अकरावीच्या गणितात तिचेच दोन मोठे धडे आहेत, आणि फिजिक्समध्ये व्हेक्टर आले की साइन-कॉस पहिल्याच आठवड्यात समोर येतात. गतीचे नियम नववीत आहेत. धाराविद्युत नववीत आहे. आणि 'द्रव्याचे मोजमाप' नावाचा तो धडा, जो तुमच्या शाळेत दोन तासांत उरकला असं तू म्हणालीस, तो तर सगळ्या केमिस्ट्रीचा उंबरठा आहे.

तो आत्ता माझ्यासमोर कर. स्वयंपाकघरात जा, 18 ग्रॅम पाणी घे, म्हणजे चहाचे साधारण साडेतीन चमचे. हे एक मोल. यात 6.022 गुणिले 10 चा 23 वा घात इतके रेणू आहेत. आता फुलपात्रात 180 ग्रॅम पाणी ओत. किती मोल? 10, बरोबर. पुढचा प्रश्न: यात हायड्रोजनचे अणू किती? इथे पुष्कळ पोरं 10 ला अॅव्होगाड्रोच्या अंकाने गुणतात आणि मोकळी होतात. ते झाले रेणू. एका रेणूत हायड्रोजन दोन, म्हणून 20 मोल अणू, म्हणजे 1.2044 गुणिले 10 चा 25 वा घात. सूत्र दोघांनाही पाठ असतं. फुलपात्रात नेमकं काय मोजतोय हे एकालाच माहीत असतं. अकरावीच्या केमिस्ट्रीचा पहिलाच धडा हा आहे, आणि तेव्हा क्लासचे सर तासाला वीस गणितं सोडवत पुढे निघून जातात. 'सर, मोल म्हणजे काय?' असं विचारायला दोनशे पोरांत हात वर होत नाही. आज तुझ्या वर्गात होऊ शकतो. बाईंना विचार, त्यांना बरंच वाटेल.

वेळापत्रक वगैरे मी तुला करून देणार नाही. रोज तासभर गणित, स्वतःच्या हाताने, उत्तर न बघता. अडलं तर तसंच अडलेलं ठेवून झोप, सकाळी परत बघ. एवढ्यावर नववी निघते. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, एनसीईआरटीचीही आहेत. जेईई आणि नीट एनसीईआरटीच्या अंगाने जातात, सीईटी आपल्या राज्य मंडळाच्या, तीही अकरावीचा 20 टक्के आणि बारावीचा 80 टक्के भाग धरून. म्हणून विज्ञानाचा एखादा धडा दोन्हीकडून वाचून बघायची सवय आत्ता लागली तर छानच.

सेमी इंग्लिशमुळे तुला शब्दांचा त्रास कमी होईल, पण तुझी ती मैत्रीण पूर्ण मराठी माध्यमात आहे ना, तिला सांग: नीट मराठीतून देता येते, जेईई मेनही. सीईटीचे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मराठीत मिळतात, गणित मात्र इंग्रजीतच येतं. आणि जेईई अॅडव्हान्स्ड फक्त इंग्रजी-हिंदीत. तेव्हा तिने आत्तापासून इंग्रजी गणिताचं पुस्तक शेजारी उघडून ठेवावं. दीड वर्षात सहज जमतं, अकरावीच्या पहिल्या महिन्यात जमत नाही.

आता क्लाससाठी मावशीचा लातूरचा आणि मामाचा राजस्थानातल्या कोट्याचा आग्रह. दोघंही जिव्हाळ्याने बोलतायत, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो अभ्यासाचा नाही, कायद्याचा आहे. लक्ष देऊन वाच. महाराष्ट्रातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांमधल्या 85 टक्के जागा राज्याच्या कोट्यातल्या असतात, 15 टक्के देशभरासाठी. त्या 85 टक्क्यांसाठी अधिवास तर हवाच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास झालेली हवी. सैन्यातल्या किंवा केंद्र सरकारी नोकरीतल्या आईबापांच्या मुलांना काही सूट आहे, काका एसटीत आहेत, त्यांना ती नाही. म्हणजे कोट्याला जाऊन बारावीचं नाव तिकडच्या एखाद्या शाळेत घातलं, तर मार्क कितीही येवोत, आपल्या राज्याच्या जागांवरचा हक्क गेला. 22 लाखांहून जास्त मुलं बसतात त्या परीक्षेत स्वतःच्या पायावर धोंडा का मारून घ्यायचा?

इंजिनिअरिंगला नियम जरा सैल आहेत, आईवडिलांचा अधिवासही चालतो. पण तिथेही एक गोम आहे. नागपूरच्या व्हीएनआयटीतल्या निम्म्या जागा महाराष्ट्राच्या मुलांसाठी असतात, आणि 'महाराष्ट्राची मुलं' कोण, तर ज्यांनी बारावी इथे केली ते. राजस्थानातून बारावी केलीस तर तू जयपूरच्या एनआयटीला घरची आणि नागपूरला परकी. मामाला हे सांगितलं तेव्हा तो गप्पच झाला. त्याच्या डोक्यात अजून मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असलं जागांचं 70:30 वाटप आहे. मेडिकलचं ते 2020 मध्येच रद्द झालं.

लातूरला जाण्याने कागदावर काहीच बिघडत नाही. लातूर पॅटर्नचं नाव उगाच झालेलं नाही, तिथली चाचण्यांवर चाचण्या घ्यायची शिस्त खरंच कडक आहे, आणि ज्यांना ती मानवते त्यांचं भलं होतं. मला विचारशील तर जायचंच असेल तर अकरावीला जा, चौदाव्या वर्षी मेसचा डबा आणि खोलीतली कॉट यांत जाऊ नकोस. आणि ज्या कॉलेजात वर्ग भरतच नाहीत, हजेरी आपोआप लागते आणि पोरं दिवसभर क्लासला असतात, त्या वाटेलाही नको. प्रॅक्टिकलला ब्युरेट कधी धरलेली नसते, आणि बारावीतल्या 75 टक्के गुणांची अट आठवते ती फेब्रुवारीत.

आता कागद. यावर मी तुझा सगळ्यात जास्त वेळ खाणार आहे.

तुझ्या आधारवर काकांचं नाव काय लिहिलंय बघ. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत लिहायला बसलं की प्रत्येक कारकून आपापलं कसब दाखवतो. कुणी 'डीएन'ने सुरू करतो, कुणी 'डीएच'ने, कुणी 'जीवाय'ने. शेवटी 'वार' की 'व्हर' ते वेगळंच. शाळेच्या जनरल रजिस्टरवर एक, आधारवर दुसरं, जातीच्या दाखल्यावर तिसरं. तू शाळेत आहेस तोवर मुख्याध्यापकांकडे अर्ज देऊन रजिस्टरमधली दुरुस्ती होते. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरताना तीच नोंद पुढे जाते आणि प्रमाणपत्रावर छापली जाते, आणि मग आयुष्यभर तीच खरी मानतात. शाळा सोडल्यावर तेच एक अक्षर बदलायला नाकीनऊ येतात. म्हणून एका रविवारी काकूला घेऊन बस. आधार, जन्माचा दाखला, शाळेचं प्रगतिपुस्तक, रेशनकार्ड, सगळं एका रांगेत मांड आणि तिघांची नावं अक्षर अक्षर लावून बघ. तुझं, काकांचं, काकूचं. जन्मतारीखही.

दुसरं, जात पडताळणी. आपण ओबीसीत आहोत. नुसता जातीचा दाखला राज्याच्या व्यावसायिक प्रवेशांना पुरत नाही, जिल्ह्याच्या समितीकडून व्हॅलिडिटी लागते. तिच्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा घरातल्या माणसाचा पुरावा मागतात, ज्यात जात लिहिलेली आहे असा. म्हणजे आजोबांचा किंवा त्यांच्या भावाबहिणींचा शाळेचा दाखला. एससींसाठी हीच तारीख 10 ऑगस्ट 1950 आहे, भटक्या-विमुक्तांसाठी 21 नोव्हेंबर 1961. तुझं नशीब असं की माझी व्हॅलिडिटी आहे आणि मी तुझ्या वडिलांच्या सख्ख्या भावाची मुलगी, माझी प्रत आणि वंशावळ जोडली की काम पुष्कळ हलकं होतं. तुझ्या मैत्रिणींच्या घरात मात्र ती पहिलीच असेल. तेव्हा त्यांना सांग की ज्या गावातल्या झेडपीच्या शाळेत आजोबा शिकले तिथे जा आणि जुन्या रजिस्टरचा उतारा मागा. रजिस्टर फाटलेलं असतं, कपाटाची किल्ली जिच्याकडे ती व्यक्ती बाळंतपणाच्या रजेवर असते, कधी नोंद मोडीत असते आणि वाचणारं माणूस शोधावं लागतं. याला महिने जातात. अर्ज अकरावी सायन्सला असताना कॉलेजमार्फत करायचा असतो, पण पुरावा गोळा करायला अकरावीची वाट का बघायची? बारावीच्या जूनमध्ये समितीच्या दारात रांग असते आणि रांगेतल्या प्रत्येकाला 'उद्याच कॅपची शेवटची तारीख' असते.

मग नॉन-क्रीमीलेअर. हे आत्ता काढून ठेवून उपयोग नाही, त्याची मुदत संपते. फक्त एवढं लक्षात ठेव की राज्याचा नमुना वेगळा आणि केंद्राचा वेगळा. सीईटीच्या प्रवेशाला राज्याचा, आयआयटी-एनआयटी आणि नीटच्या देशपातळीवरच्या जागांना केंद्राचा, आणि तो त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतर काढलेला. सेतूतल्या माणसाला 'सेंट्रलचा' असं सांगितल्याशिवाय तो हमखास राज्याचाच देतो. अधिवासाचा दाखला मात्र आत्ताही काढता येतो. एकदा काढला की झालं, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत काढूनच टाक.

या कागदांत पैसाही आहे बरं का. 2024-25 पासून राज्यात ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरातल्या मुलींना, वर्षाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, इंजिनिअरिंग-मेडिकलसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश सरकारी कॅप प्रक्रियेतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. काका क्लासच्या फीसाठी सोसायटीतून कर्ज काढायचं म्हणतायत असं कळलं. त्याआधी त्यांना हे वाचून दाखव. आणि आयआयटीत 2018 पासून मुलींसाठी वाढीव जागा आहेत, त्यामुळे मुलींची यादी वेगळी लागते आणि त्यातला शेवटचा क्रमांक बहुतेक ठिकाणी जरा सैल असतो. कुणी 'मुलगी म्हणून मिळालं' असं म्हणालं तर हसून सोडून दे. जेईई अॅडव्हान्स्डचा पेपर दोघांना एकच असतो.

डॉक्टर की इंजिनिअर, हे तू आज ठरवू नकोस, आणि कुणाला ठरवूही देऊ नकोस. 'गणित सोड, बायोलॉजी घे, भार कमी होईल' असं अकरावीला तुला दहा जण सांगतील. राज्य मंडळात दोन्ही विषय एकत्र घेता येतात. पहिलं वर्ष दोन्ही ठेव. गणित एकदा सुटलं की इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, एनडीएचे नौदल-हवाईदल असं सगळं एकदम मिटतं. बायोलॉजी सुटली की मेडिकलबरोबर व्हेटर्नरीही जातं. आणि दोन्ही असताना पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेची परीक्षा अंगावर येत नाही, कारण तिच्यात फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी चारही विषयांचे 15-15 प्रश्न असतात. तू परवा विचारलंस ना की किड्यांच्या पंखांचा रंग खरवडल्यावर का जातो, तसले प्रश्न विचारणाऱ्या मुलींसाठी ती जागा आहे. आपल्याकडे कुणाला तिचं नावही माहीत नसतं, कारण तिचे फ्लेक्स लागत नाहीत.

आवडतं काय ते कळायला नववीसारखं वर्ष नाही. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठीच असते, लेखी झाली की प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत. ज्युनिअर सायन्सची ऑलिम्पियाड दहावीपर्यंतच देता येते, पहिली पायरी नोव्हेंबरमध्ये. गणिताची आयओक्यूएम सप्टेंबरमध्ये. जुने पेपर मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राच्या वेबसाइटवर फुकट आहेत. पुढच्या फेरीत जाशील की नाही ते सोड, एक पेपर डाउनलोड करून रविवारी त्यावर डोकं खाजव. दोन तास कुठे गेले कळलं नाही तर समज तुझं त्या विषयाशी जमतंय. काका एनटीएस शिष्यवृत्ती परीक्षेचं म्हणतील, ती 2021 पासून बंद आहे. केव्हीपीवायही 2022 मध्ये गेली. जुनी माहिती फार प्रेमाने दिली जाते, तारीख बघून घेत जा.

चित्रकलेची इंटरमिजिएट दे. 'ए' ग्रेड आली तर दहावीला 7 गुण वाढतात, हे लोकांना दिसतं. मला वाटतं तुझा हात बघता त्याहून मोठं काही आहे. आयआयटी मुंबई घेते ती डिझाइनची यूसीड परीक्षा आर्ट्सच्या मुलीलाही देता येते, आणि तिथे मोटर पंपाचा आकार बदलून बाईला तो एकटीने उचलता येईल का, असले विचार शिकवतात. कायद्याचंही तसंच, क्लॅटला शाखा विचारत नाहीत. आणि तुला पहाटे पळायची हौस आहे, तर हेही माहीत असू दे: नाशिकला मुलींसाठी सरकारी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था 2023 मध्ये सुरू झाली. तिथे अकरावीला प्रवेश मिळतो, पण अर्ज दहावीत असतानाच करावा लागतो. मे 2025 मध्ये खडकवासल्याच्या एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, 17 जणी. काकू घाबरेल, आजी खूश होईल.

शेवटचं, जे मी काकूसमोर बोलले नसते. पाळीचं. नीट वर्षातून एकदाच असते. जेईई मेनला जानेवारी आणि एप्रिल अशा दोन संधी, सीईटीही 2026 पासून दोनदा, तिथे जरा श्वास घेता येतो. पण नीटच्या दिवशी नेमका दुसरा दिवस असेल तर पेपर पुढे जात नाही. तुला दर महिन्याला शाळा बुडवून पडून राहावं लागतं, आणि सगळे 'होतंच असं' म्हणून सोडून देतात. होत नाही गं असं, इतकं नाही. एवढं दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवायचं असतं, आणि ते आत्ता, बारावीच्या मार्चमध्ये नाही. आधी हिमोग्लोबिन तपासून घे. 12 च्या खाली असेल तर तुझं ते दुपारी पुस्तकावर डोकं टेकून झोपणं आळस नव्हे, एवढं तरी सगळ्यांना कळेल. शाळेत दर आठवड्याला निळी गोळी देतात ती तुम्ही बाकाखाली टाकता, मला माहीत आहे, आम्हीही टाकायचो. ती पोटात जाऊ दे, जेवून झाल्यावर, आणि वरून लगेच चहा नको, चहाने लोह अंगी लागत नाही.

रक्ताचा रिपोर्ट आला की फोटो आधी मला पाठव. काकूला नंतर दाखवू. 11.8 दिसलं तरी ती महिनाभर सकाळ-संध्याकाळ बीटच वाढेल, आणि मग तूच मला फोन करून रडशील.